‘थां’पुढचं टिंब

सोमवार, १० जानेवारी १९३८

शाळा भरली. नाताळच्या सुट्टीत अर्ध्या पोरी डोंगरात जाऊन बाराखडी विसरून आल्या, उरलेल्या अर्ध्या आल्याच नाहीत. थंडी फार. तुरीच्या शेंगा मीठ घालून उकडल्या, यांनी आणि मी चुलीपाशीच बसून संपवल्या.

दुपारी नवे पाळकसाहेब वर्गाच्या दारात. नगरचे, तरुण, कोटाची सगळी बटणं लावलेली. (इथून पुढे पा. सा. लिहीन, शाई वाचते.) म्हणाले, "एस्तेरबाई, शांतवन गुरुजींना जाऊन पुढल्या महिन्यात वर्ष होतं. तेरा तारखेच्या रविवारी स्मरणाची उपासना ठेवू. तुम्ही त्यांच्या हाताखाली शिकलात, देवळातली त्यांची पायपेटी आता तुम्हीच वाजवता. दोन पानं आठवणी लिहा आणि वाचा." पायपेटीजवळच्या भिंतीवर गुरुजींच्या नावाची सागवानी फळी बसवायचंही ठरलं. ती आमच्या घरच्या सुताराकडे, म्हणजे यांच्याकडे.

हो म्हणायला काय लागतं. घरी येऊन कागद पुढे घेतला तर पहिली ओळ आली, 'कै. शांतवन गुरुजी मिशनच्या शाळेत संगीताचा इतिहास शिकवत व देवळात पेटी वाजवत.' हे तर अक्कलकुव्याच्या बाजारातल्या बैलांनाही ठाऊक आहे. कागद चुलीत.

गुरुवार, १३ जाने.

दुसरा प्रयत्न. लिहिलं, 'गुरुजींचा गळा गोड होता.' हे वाचलं तर गुरुजी स्वतः उठून बसतील. गळा त्यांना नव्हताच. बिनतेलाचा रहाट बोलतो तसे गायचे. म्हणायचे, "देवानं गळा दुसऱ्यांना वाटला, माझ्या वाटणीला पाय आले." पेटीवर बसताना जोडे काढून ठेवायचे आणि अनवाणी पायांनी भाता मारायचे. कोटाच्या उजव्या खिशात फुटाणे. प्रवचन लांबलं की एक फुटाणा तोंडात. चावायचा नाही, आवाज होतो.

मास्तर-मास्तरणींच्या ट्रेनिंग क्लासला दर गुरुवारी शेवटचा तास त्यांचा. संगीताचा इतिहास. या विषयाची परीक्षा नसे. कुणा साहेबानं कधीतरी कागदावर लिहिला म्हणून तो विषय होता, आणि कुणी खोडला नाही म्हणून राहिला. आम्ही तिथे डुलकी काढायला बसायचो आणि घंटा झाली तरी उठायचो नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, जगातलं पहिलं वाद्य कोणतं? कुणी शंख म्हणालं, कुणी वीणा. म्हणाले, "पोट. तान्ह्या पोराला बघा, दूध पिऊन झालं की पोटावर हात मारतं. रिकाम्या पोटाचा आवाज निराळा. तोही ऐकून ठेवा, मास्तर होणार आहात."

हे पानात घालावं का? देवळात पोट बरं दिसेल का?

घातलं.

रविवार, १६ जाने.

संध्याकाळच्या उपासनेला मंडळी भरपूर. मंडळीतली सगळ्यांत म्हातारी बुधीआजी काठी गावाकडच्या तिच्या पाड्यावरून आली होती, नातवाच्या बैलगाडीत. शेवटी गुरुजींचं सांजगीत.

सांज झाली, वाट सरली,
डोंगर निजला, येशू राया,
थां...
आमुच्या दारी.

नेहमीसारखं थां सगळ्यांत जोरात. लहान पोरं तर तेवढ्यासाठीच गातात.

उपासना संपली तसे पा. सा. पुस्तक घेऊन माझ्याकडे आले. "हे थां काय आहे? गीत गुरुजींचं, नगरला छापलेल्या पुस्तकात ते आहे. पण तिथे थां नाही." मी काही बोलायच्या आत बुधीआजी मध्ये आली. "थां म्हणजे थारा. देवाचा थारा." तिनं असं सांगितलं की जणू ती छापखान्यातून आली होती. देवळाचे एक पंच म्हणाले, "साहेब, आमना बाप म्हने, आम्ही म्हनतस." पा. सा. माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, "जुनं आहे."

जुनं आहे हे खरं. पण तेवढंच सांगणं म्हणजे खोटं बोलणंच झालं. आजचं जेवण गोड लागलं नाही.

मंगळवार, १८ जाने.

इथे तरी लिहून टाकते, वही माझीच आहे.

थां हा शब्द नाही. तो मी केला.

मी नऊ वर्षांची, बोर्डिंगात नवी. डोंगरातून आले तेव्हा मराठीचा गंध नव्हता, पण अक्षरं भराभर आली आणि आवाज तर आधीपासूनच होता. आई म्हणायची, ही एका टेकडीवर रडली तर दुसऱ्या टेकडीवरचे लोक घरी यायचे. गुरुजींनी सांजगीत नवं बसवलं होतं. तेव्हाच्या पायपेटीचा भाता फाटका, वारा लवकर संपायचा, म्हणून तिसऱ्या ओळीआधी दोन मात्रा थांबून ते भाता भरून घ्यायचे. गाणाऱ्यांना कळावं म्हणून हातानं लिहिलेल्या प्रत्येक कागदावर तिथे लिहिलं होतं 'थां.' म्हणजे थांबा. मोठ्यांना कळलं. मला कोण सांगणार? मला अक्षरं वाचता येत होती, पुढचं, शब्द तोडल्याचं टिंब वाचता येत नव्हतं. कागदावर थां आहे म्हणजे थां म्हणायचं. मी पुढल्या रांगेत. सगळे थांबले आणि भरल्या देवळात मी एकटीनं छाती भरून म्हटलं, थां. दुसऱ्या कडव्याला माझ्यामागे बोर्डिंगच्या सगळ्या पोरी. तिसऱ्याला मंडळी.

गुरुजींनी मान वळवून बघितलं. रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशीही काही बोलले नाहीत. मला खरं कळलं ते चौदाव्या वर्षी, दुसऱ्या एका गीताच्या कागदावर 'थांबा' पूर्ण लिहिलेलं दिसलं तेव्हा. लाजेनं दोन दिवस जेवले नाही. पण तोवर थां सगळीकडे गेलं होतं. ज्या पोरी लग्न होऊन गेल्या त्या आपापल्या गावी घेऊन गेल्या. मग कोणत्या तोंडानं सांगायचं? गुरुजींनाही कधी विचारलं नाही. त्यांनीही कधी विषय काढला नाही. सत्तावीस वर्षं आम्ही दोघं हे झाकून बसलो, आणि आता मी एकटीच.

शनिवार, २२ जाने.

प्रकरण वाढलं. पा. सा. तळोद्याला गेले होते. तिथे कुणा शहाण्यानं त्यांना सांगितलं की थां म्हणजे थान, डोंगरातल्या देवाचं थान, त्याची बसायची जागा. त्यात गुरुजी दर वर्षी होळीला काठीच्या जत्रेला जायचे, हेही त्यांच्या कानावर आलं. दोन आणि दोन यांची बेरीज पा. सा. नगरच्या शाळेत शिकले आहेत. आज यांना निरोप आला, फळीवर नाव कोरायचं थांबवा, पंचांची चौकशी होऊ द्या.

हे रंधा खाली ठेवून म्हणाले, "फळीलेबी थां लागना."

मला हसू आलं आणि मग रडू आलं. गुरुजी काठीला जायचे हे खरं. मोठा ढोल ऐकायला जायचे. आधीच्या साहेबानं एकदा झापलं होतं तर म्हणाले, "साहेब, मी तिथे नाचायला जात नाही, शिकायला जातो. हा ढोल कुणाच्या बापानं कुणाच्या बापाला शिकवला ते विचारतो. इतिहास शिकवतो ना मी." आणि आता त्यांच्यावर आळ, की त्यांनी देवळात दुसरा देव चोरून आणला. माझ्यामुळे.

बुधवार, २६ जाने.

काहीही शिकवलं नाही. पोरींना पाढे म्हणायला लावले आणि खिडकीतून बाहेर बघत बसले.

याच खिडकीशी आई उभी राहिली होती. गुरुजींचा दिवाळीच्या सुट्टीतला अभ्यास ठरलेला, प्रत्येकानं घरून एक गाणं आणायचं आणि ते कुणी कुणाला शिकवलं ते विचारून यायचं. म्हणायचे, "राजांची नावं परीक्षेत येतात. गाणं कुणी कुणाला दिलं हे कुठंच येत नाही, म्हणून मी विचारतो. इतिहास आजीपासून सुरू करा. त्याच्या मागचं मलाही ऐकीवच आहे." मी आईचं दळणाचं गाणं नेलं. त्यांनी सा रे ग म लिहून घेतलं आणि पेटीवर वाजवलं. तो बाजाराचा दिवस. आई मोहाची फुलं विकून मला भेटायला आलेली, खिडकीशी थबकली. आत यायला लाजली. मला बाहेर बोलावून विचारलं, "माझं गाणं त्या पेटीत कसं गेलं?" गुरुजींनी ऐकलं. उठून खिडकीशी आले, हात जोडले आणि म्हणाले, "बाई, तुम्ही कुणाकडून शिकलात?" आईला आयुष्यात कुणी हा प्रश्न विचारला नव्हता. ती तिच्या आजीचं नाव घेऊन रडायला लागली. गुरुजींनी ते नाव फळ्यावर लिहिलं.

हे पानात घातलं. हे वाचताना मला रडू येणार, मग आलं तर आलं.

शनिवार, २९ जाने.

यांना सांगितलं. सगळं, टिंबासकट. लग्नाला सोळा वर्षं झाली, आज पहिल्यांदा. हे इतके हसले की पाटावरून घसरले. मग म्हणाले, "तुले कोनी विचारं का? मंग कसाले सांगस?"

"गुरुजींच्या नावासाठी."

"आन् तुन्हं नाव?"

माझं नाव. खरं दुखतं ते तिथेच. या देवळात पेटीवर बसलेली मी पहिली बाई. गुरुजी गेल्यावर पंचांत दोन महिने वाद झाला, बाईनं भाता मारावा का म्हणून. नगरहून कुणी मास्तर आणा, असं म्हणणारे अजून आहेत. एवढी वर्षं जी चुकीचा शब्द गात आली, तिच्या हाती पेटी कशाला, असं उद्या कुणी म्हटलं तर काय उत्तर देऊ? मला ती जागा हवी आहे. इथे लिहायला कसली लाज. रविवारी त्या स्टुलावर बसते तेव्हा मला दुसरं काही नको असतं.

हे म्हणाले, "मंग चूप बस." तासाभरानं परत आले आणि म्हणाले, "फळी चांगली निघनी. गाठ नही एकबी." म्हणजे ती वाया जाऊ देऊ नको, हे मला कळलं.

शनिवार, ५ फेब्रुवारी

पंचांची बैठक देवळातच. पा. सा., पाच पंच, आणि मागच्या बाकावर बुधीआजी. तिला कुणी बोलावलं नव्हतं. ती गेलीही नाही.

एकेकाला विचारलं, थां म्हणजे काय. थारा, थांग, थाट असं काय काय निघालं. एक जण म्हणाले, बायबलातल्या इब्री भाषेतला शब्द असावा. मी उभी राहिले. सांगितलं की तो शब्द नाही, गुरुजींची खूण आहे, थांबाची. नऊ वर्षांच्या पोरीनं टिंब न वाचता गायली. ती पोर मी.

पा. सा. हसले नाहीत, रागावले नाहीत. कोटाचं वरचं बटण काढलं आणि परत लावलं. म्हणाले, "बाई, तुम्ही बोललात हे बरं केलंत. गुरुजींवर आता कसलाही आळ नाही. फळी होऊ द्या." मला वाटलं सुटले. तोवर पुढचं वाक्य आलं, "आणि चूकच आहे म्हटल्यावर काढून टाकणंही सोपं. तेरा तारखेपासून छापील पुस्तकाप्रमाणे गाऊ."

दुसऱ्या देवाचा आळ असता तर भांडता आलं असतं. चुकीसाठी कोण भांडणार?

बाहेर आजी वाट बघत होती. तिच्यापुढे मान वर होईना. तिनं तिच्या बोलीत विचारलं ते मराठीत असं, "तुला तेव्हा वाचता येत नव्हतं. मला अजून येत नाही. माझा म्हातारा गेला त्या दिवशी मी थां म्हटलं आणि मला थारा मिळाला. तो आता परत द्यायचा का?"

मी तिला गाडीत चढवलं, पायाखाली घोंगडी घातली. पेटीबद्दल मात्र पंचांपैकी कुणी अवाक्षर काढलं नाही. मी उगाच भ्याले होते.

सोमवार, ७ फेब्रु.

शाळा सुटल्यावर काकींकडे, म्हणजे गुरुजींच्या पत्नीकडे गेले. पानं वाचून दाखवायला. पोटाची गोष्ट ऐकून काकी हसल्या, फुटाण्यांची ऐकून म्हणाल्या, "धुता धुता मन्हा हात थकी गयात. खिसामा फोलपटंच फोलपटं." मग थां काढलं जाणार हे सांगितलं. काकींनी उठून पिठाच्या डब्यावरून एक जाड वही काढून दिली. "तुन्हा गुरुजी जिता व्हतात तवय हाई वहीले कोनले हात लावू देत नव्हतात. आते मी तिन्हं झाकन करेल शे. लई जाय. माले वाचता येत नही, आन् उंदीरस्ले सबूर नही."

गुरुजींच्या तासाची वही. पुठ्ठ्यावर पीठ. आत गावोगावची गाणी, प्रत्येकाखाली कुणी कुणाला दिलं ते. माझ्या आईच्या आजीचं नाव आहे. काठीच्या ढोलाचे बोल चार पानं. आणि मधेच, सांजगीताच्या पानावर, त्यांच्या बारीक अक्षरात हे. जसंच्या तसं उतरवते.

'आज संध्याकाळी बोर्डिंगच्या एस्तेरने थां. हा शब्द समजून गायला. मंडळी तिच्यामागे. प्रथम हसू आले. घरी येता येता लक्षात आले. थांबा हे मी गाणाऱ्यांना लिहिले होते. पोरीने ते देवाला सांगितले. येशू राया, थांब, आमुच्या दारी. माझ्या ओळीत हे नव्हते. दुरुस्त करावे काय? पाहू.'

त्याखाली दर एक-दोन वर्षांनी निराळ्या शाईत एकेक ओळ.

'अजून गातात. पाहू.'

'भात्याला नवे कातडे बसविले. आता थांबण्याची गरज नाही. एकदा न थांबता वाजवून पाहिले, मजाच गेली. पाहू.'

'एस्तेर आता ट्रेनिंगला. तिला कळले आहे असे तिच्या तोंडावरून दिसते. विचारीत नाही. मीही नाही. पाहू.'

आणि शेवटची, गेल्याच्या गेल्या नाताळची असावी, अक्षर हललेलं. 'पाय दुखतात. भाता हळू भरतो. थां लांबते. मंडळी तेवढी थांबते. पाहू.'

काकींच्या ओट्यावर बसून वाचलं. काकी जवळ बसून लसूण सोलत होत्या, त्यांनी एकदाही विचारलं नाही काय लिहिलंय. मी रडले ते आनंदानं. माझे गुरुजी मला त्या दिवसापासून वाचत होते.

बुधवार, ९ फेब्रु.

वही पा. सां.ना दिली. म्हटलं, फक्त खुणेचा कागद घातलेलं पान वाचा. त्यांनी ठेवून घेतली. आज सकाळी परत केली तेव्हा खुणेचा कागद वहीच्या अगदी शेवटी होता, म्हणजे सगळी वाचली. म्हणाले, "गुरुजींना मी भेटलो नाही, याचं वाईट वाटतं." मी वाट बघत उभी. म्हणाले, "पण एस्तेरबाई, देवळातलं गीत छापील पुस्तकाप्रमाणेच हवं. उद्या प्रत्येक गाव आपापल्या चुका गाईल."

हेही काही खोटं नाही. ठीक. छापील तर छापील.

आता सहज वाटलं, माझी ही वही उद्या कुणाच्या हाती पडली तर तो पा. सा. नावाचा देव डोंगरात शोधत फिरेल. तरीही शाई वाचवणं सोडत नाही.

रविवार, १३ फेब्रु.

झालं. सगळं लिहिते, हात दुखला तरी.

देऊळ भरलं होतं. डोंगरातले जुने विद्यार्थी आले, चार-चार कोस चालून. काकी पहिल्या बाकावर, नव्या लुगड्यात, कडेला फुटाण्यांची पुडी. प्रवचनात एकेक खात होत्या, चावूनच. फळी भिंतीवर. 'शांतवन गुरुजी' एवढंच. यांनी अक्षरं अशी कोरली आहेत की बोट फिरवावंसं वाटतं. मी फिरवलं.

पानं वाचली. पोटाला हसले, आईच्या खिडकीला गप्प झाले. मग मी थांची गोष्ट सांगितली, वहीतलं पानही वाचलं. सगळ्यांना सगळं कळलं. हेही सांगितलं की आजपासून छापील पुस्तकाप्रमाणे, न थांबता.

पेटीवर बसले. जोडे काढले. सांज झाली, वाट सरली. डोंगर निजला, येशू राया. आणि मी कबूल केल्याप्रमाणे थेट 'आमुच्या दारी' वर गेले. मंडळी गेली नाही. सगळं ऐकून, सगळं कळून, भरल्या देवळानं म्हटलं, थां. मी दोन मात्रा पुढे, ते दोन मात्रा मागे. पुढचं कडवं सगळं विस्कटलं. पेटी एकीकडे, गळे तिसरीकडे. लाजेनं माझे कान तापले.

पा. सां.नी हात वर केला आणि मोठ्यानं म्हणाले, "थांबा, थांबा."

पुढल्या रांगेतल्या बोर्डिंगच्या पोरींनी इमानानं म्हटलं, थां.

आधी काकी हसल्या. मग मागून बुधीआजी. मग कुणाला कुणाचं आवरेना. पा. सा. लाल झाले, खाली बघितलं, त्यांचे खांदे हलताना मी बघितले. तोंड पुसून म्हणाले, "पुन्हा पहिल्यापासून. आणि एस्तेरबाई, मंडळीबरोबर."

मंडळीबरोबर म्हणजे काय ते मी विचारलं नाही. तिथे आले, पाय थांबवला. दोन मात्रा. थां. आज गुरुजींच्या पायाइतकं लांबवलं. मग आमुच्या दारी.

घरी आल्यावर हे म्हणाले, "फळी सरळ बसनी ना?" मी म्हटलं, बसली. एकच बाजू किंचित वर आहे, ते नाही सांगितलं.

बुधवार, ९ मार्च

मधे महिना कोरा. कापसाच्या दिवसांत अर्ध्या पोरी वेचणीला, शाळा निम्मी. तब्येत बरी. सांजगीत आपलं थांसकट चालू आहे. पा. सा. त्या वेळी पुस्तकात डोकं घालतात.

आज दुपारी शाळेत आले. हातात नगरहून आलेली तपासणीची पानं. गीतांचं पुस्तक नव्यानं छापायचं आहे, आपापल्या भागातल्या दुरुस्त्या कळवा म्हणून. माझ्या टेबलावर सांजगीताचं पान ठेवलं. तिसऱ्या ओळीच्या आधी समासात त्यांनी पेन्सिलीनं 'थां' लिहिलेलं.

मी त्यांच्याकडे बघितलं तर ते खिडकीतून बाहेर बघत होते. म्हणाले, "पुढल्या आठवड्यात होळी. काठीचा तो मोठा ढोल ऐकण्यासारखा असतो म्हणतात. नुसता ऐकायला." मी म्हटलं, "ऐकण्यासारखा असतो. कुणी कुणाला शिकवला ते विचारलं तर सांगतातही." त्यांनी मान हलवली.

मग पेन्सिल माझ्या हातात दिली. "एक अडचण आहे. पुढे टिंब द्यायचं की नाही? टिंब दिलं तर ती खूण, गाणाऱ्यांना. नाही दिलं तर तो शब्द, देवाला. छापखान्याला एकच काहीतरी कळवावं लागेल. तुम्ही सांगाल ते."

पोरी पाढे म्हणत होत्या. सातावर अडल्या होत्या. मी पेन्सिल थांपुढे टेकवली. टेकवली म्हणजे बारीकसा ठिपका उमटलाच. तो टिंब म्हणावं एवढा मोठा नाही आणि नाही म्हणावं एवढा लहानही नाही. खोडायला रबर शोधलं, सापडेना.

पानं उद्याच्या टपालानं जायची आहेत. पाहू.